घुमटाच्या मागे दारवान

"आज माझा आवाज निवडला गेला नाही, तर या आरशात पुन्हा तोंड बघणार नाही!" थोरलीने सकाळीच आरशाला बजावलं. आरसा काही बोलला नाही. तोही बहुधा धाकटीच्या बाजूचा असावा, असं थोरलीला वाटलं. तिला सगळं जगच धाकटीच्या बाजूचं वाटायचं.

दोघी सख्ख्या बहिणी. लेकी नांदायला गेल्या, गुडघे वाजायला लागले, तरी गोतावळ्यात एक थोरली आणि दुसरी धाकटीच राहिली. थोरली म्हणजे मानाची, असं तुम्हाला वाटेल. छे! थोरली कुठेही गेली की लोकांचा पहिला प्रश्न, "हे काय, धाकटी नाही आली?" शाळेच्या संमेलनात थोरलीने पडदा ओढायचा आणि धाकटीने गायचं. खुद्द थोरलीच्या लग्नात पाहुणे हात धुताना एकमेकांना विचारत होते, "ती गाणारी मुलगी कोण हो?" लग्न हिचं! नवे कपडे हिचे! आणि चौकशी तिची! केस पांढरे झाले तरी ते वाक्य थोरलीच्या कानातून निघालं नव्हतं.

आता धाकटीचा आवाज होताच तसा, हे मी तरी कशाला नाकारू? बारीक, पण लांब. ओळीच्या शेवटी ती एक सूर सोडून द्यायची आणि तो सूर उतरत्या उन्हासारखा खोलीतून हळूहळू निघून जायचा. ऐकणारे डोळे मिटून घ्यायचे. थोरलीचा आवाज खणखणीत. तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर खालून जाणारी टॅक्सी करकचून थांबायची. पण ओळ संपायच्या आधी तिचा श्वास संपायचा. तिचं गाणं ऐकताना कुणी डोळे मिटत नसे. मिटलेले असले तर दचकून उघडत.

अशात थोरलीला जावई मिळाला तो आवाज टेपवर उतरवून घेणारा. एका गोदामाच्या मागच्या बाजूला त्याने दोन खोल्या घेतल्या होत्या. आतल्या खोलीत भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या आणि मधोमध मायक्रोफोन. बाहेरच्या खोलीत टेपची यंत्रं, दोन मोठे स्पीकर आणि एक मांडणी. दोन खोल्यांच्या मध्ये काच. थोरलीला वाटलं, देवाने शेवटी माझ्याकडे पाहिलं! जावयाचा स्टुडिओ म्हणजे आपल्याच परसातली विहीर. हवं तेव्हा बादली सोडावी!

आणि या जावयाने पहिल्याच महिन्यात काय म्हणावं? "आई, मावशींचा आवाज काय आहे हो! असा आवाज रोज मिळत नाही."

जावई माझा, आणि कौतुक तिचं! थोरलीने त्या दिवशी रात्री भांडी इतक्या जोरात घासली की एका पातेल्याला पोचा पडला.

तर एके दिवशी जावयाकडे कुलुपांच्या कारखान्याचे मालक आले. त्यांना रेडिओवर जाहिरात द्यायची होती. "नटीचा आवाज नको," ते म्हणाले. "घरातल्या मोठ्या बाईचा हवा. जी निघताना दार ओढून बघते ना, तिचा!" दोन ओळी त्यांनी स्वतः जुळवून आणल्या होत्या. दार ओढा, कुलूप लावा, मग खुशाल फिरून या!

जावई भोळा. तो म्हणाला, "आमच्या घरात अशा दोन बाया आहेत. दोघींचं टेप करतो. तुम्ही समोर बसून ऐका आणि निवडा."

एकीचं केलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती!

टेप करायच्या दिवशी थोरली आधी गाऊन मोकळी झाली आणि जावयाच्या खुर्चीमागे उभी राहून सगळं निरखायला लागली. मांडणीवर चार पेट्या ओळीने ठेवलेल्या. प्रत्येकीला बटणं, दिवे आणि मागून वायरी. हल्ली म्हणे हे सगळं एका पडद्यावर असतं आणि बोटाने इकडचं तिकडे सरकवतात. तेव्हा वायरी होत्या. आणि वायरी कुणालाही उपटता येत!

"जावईबापू, या पेट्या कशाच्या?"

धंद्यात त्यांना गेट, इक्वलायझर, कॉम्प्रेसर आणि रिव्हर्ब म्हणतात. पण सासूबाईंना समजावं म्हणून जावयाने चौघांना घरगुती नावं देऊन टाकली.

"हा पहिला दारवान. कुणी गात नसेल तेव्हा दार लावून घेतो. म्हणजे पंख्याची घरघर, खुर्चीची कुरकुर आत येत नाही. गाणं सुरू झालं की उघडतो. त्याच्यापुढे शिंपी. आवाज कुठे जाड असेल तिथे कापतो, कुठे तोकडा असेल तिथे जोड देतो. मग हा मास्तर. मोठ्याला दाबतो, बारीकला उचलतो."

"थांबा!" थोरली म्हणाली. "मोठ्याला दाबतो?"

"हो, म्हणजे सगळं सारख्या पातळीवर..."

"आणि बारीकला उचलतो?"

"हो."

"म्हणजे माझं दाबायचं आणि हिचं उचलायचं! इथेसुद्धा तेच!"

काचेपलीकडे धाकटी घसा साफ करत होती. तिला काही ऐकू आलं नाही. जावयाने हसून विषय पुढे नेला. "आणि हा शेवटचा घुमट. आवाज मोठ्या वास्तूत घुमल्यासारखा करतो. मावशींचा शेवटचा सूर यातून काय सुंदर विरतो, ऐकालच तुम्ही!"

थोरलीने नाक मुरडलं. "मग घुमट पुढे घ्या आणि दारवान मागे टाका. काय फरक पडतो? मेले चौघेही नोकरच ना?"

जावई खुर्चीत ताठ बसला. बायकोची चेष्टा सहन करील, पण पेट्यांच्या क्रमाची नाही! "आई, क्रम म्हणजे सगळं! आधी आंघोळ, मग कपडे. आधी कपडे घालून मग आंघोळ केली तर? माणूस तोच, पाणी तेच, कपडे तेच. पण दारात उभं करवणार नाही! तसंच हे. दारवान घुमटाच्या मागे टाकला, तर सूर घुमून विरायला लागला की त्याला वाटणार गाणं संपलं. आणि तो धाडकन दार लावणार. सुराचं शेपूट चिमटलंच! मावशींच्या गाण्याची तर पार वाट लागेल."

"अगंबाई," थोरली म्हणाली. "असं का?"

कुठलाही मनुष्य आपल्या सासूला इतकी उपयोगाची माहिती फुकट देत नसेल!

निवडीच्या दिवशी कुलूपवाले साहेब वेळेआधीच आले. हातात चामडी पेटी, त्यात नमुन्याची कुलपं. थोरलीच्या मुलीने खुर्च्या मांडल्या. धाकटी एका कोपऱ्यात बसली. तिने धुतलेल्या केसांचा सैल अंबाडा घातला होता आणि ती काही न करता बरी दिसत होती. हेही थोरलीला खुपलं. थोरलीने स्वतः नवी झालरीची शाल घेतली होती आणि तिची किमतीची चिठ्ठी मानेला टोचत होती.

"आधी माझं लावा," थोरली म्हणाली. "मी थोरली."

जावयाने टेप लावली. दार ओढा! कुलूप लावा! स्पीकरमधून थोरली अशी दणाणली की साहेबांनी नकळत खुर्चीचे हात धरले. मग खुशाल फिरून या! शेवटचा 'या' जेमतेम आला आणि श्वास नसल्यामुळे खाली बसला.

"छान," साहेब म्हणाले. "ठणठणीत."

ठणठणीत! असं माणूस तब्येतीला म्हणतो, गाण्याला नाही!

"आता मावशींची टेप," जावई म्हणाला. "ती चढवायला जरा वेळ लागेल. तोवर चहा घेऊ या. मावशींचं सावकाश ऐकण्यासारखं आहे."

सावकाश ऐकण्यासारखं! थोरलीच्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं उभं राहिलं. साहेब डोळे मिटणार. मुलगी डोळे पुसणार. जावई मान डोलावणार. मग रेडिओवर धाकटी, दुकानादुकानात धाकटी, आणि रस्त्यात भेटेल तो थोरलीलाच विचारणार, "ती रेडिओवर असते ती तुमची बहीण ना?"

सगळे चहाला व्हरांड्यात गेले. टेप चढवून जावईही गेला. थोरली दारापर्यंत गेली आणि थबकली.

"माझा रुमाल आत राहिला गं!"

"मी आणते आई."

"नको! तुला सापडायचा नाही!"

आत शिरून तिने दार लोटलं आणि तडक मांडणी गाठली. दारवानाची पेटी पहिल्या जागेवरून उचलली, बाकीच्या तिघी सरकवल्या आणि दारवानाला शेवटी नेऊन बसवलं. हात झटकले. मग तिच्या लक्षात आलं की वायरी जशाच्या तशाच आहेत! दारवान शेवटी बसला होता खरा, पण त्याची वायर लांबून शिंप्याच्याच घरी जात होती. अगदी आपल्या नातेवाइकांसारखं. पंगतीत कुठेही बसवा, कुजबुजणार ज्याच्याशी कुजबुजायचं त्याच्याशीच!

तिने पेट्या पुन्हा जागच्या जागी ठेवल्या, नाहीतर जावयाला दिसलं असतं. मग ती गुडघ्यांची कुरकुर सोसत मांडणीच्या मागे गेली. मागे वायरींचा असा गुंता की सहा महिने न विंचरलेले केस बरे. पण जावयाने शिस्तीने प्रत्येक पेटीच्या पाठीवर येणाऱ्या वायरीला लाल ठिपका आणि जाणाऱ्या वायरीला निळा ठिपका लावला होता. शिस्तीच्या माणसाचं हेच होतं. चोरालासुद्धा त्याच्या घरात सोपं जातं!

तिने दारवानातून शिंप्याकडे जाणारी वायर काढून बाजूला ठेवली. टेपकडून आलेली वायर दारवानातून उपटली आणि थेट शिंप्यात खुपसली. स्पीकरकडे जाणारी वायर घुमटातून काढली आणि दारवानात घातली. आता घुमट दारवानाला जोडला की काम फत्ते. तेवढ्यात शालीची झालर एका खाचेत अडकली.

"आई, सापडला का रुमाल?"

"सापडतोय!"

"येऊ का?"

"आलीस तर बघ!"

थोरलीने शाल हिसडली. झालरीचा धागा तुटून खाचेत राहिला. बाजूला ठेवलेली वायर तिने दातांत धरून आणली आणि घुमटातून दारवानात बसवली. ती बाहेर आली तेव्हा केसांत जळमट होतं आणि चेहऱ्यावर साखर. हातात रुमाल नव्हता, पण ते कुणी विचारलं नाही. कारण सगळे धाकटीला विचारत होते, "तुम्ही गाणं शिकलात कुठे?"

शिक म्हणावं आता, थोरली मनात म्हणाली. ऐका पोटभर!

मंडळी आत येऊन बसली. साहेबांनी डोळे मिटायची तयारी केली. जावयाने बटण दाबलं.

दार ओढा!

अहो, काय झालं ते शब्दांत कसं सांगू? धाकटीचा आवाज एखाद्या राजवाड्याच्या दिवाणखान्यातून आल्यासारखा फुलून आला, चारी भिंतींना लागला, आणि खप्! कुणीतरी तोंडावर उशी दाबावी तसा बंद! कुलूप लावा! पुन्हा तो फुगवटा, आणि खप्! मुलीच्या हातातली बशी वाजली. जावई चुन्यासारखा पांढरा पडला. मग खुशाल फिरून याऽऽऽ. सूर घुमत वर गेला, आता विरणार, आता विरणार, म्हणून सगळ्यांनी श्वास रोखला. आणि दारवानाने धाडकन दार लावलं.

टेपचं चाक तेवढं फिरत राहिलं.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. जावई उठून मांडणीकडे धावला. थोरलीने शालीचं टोक तोंडावर धरलं. वरून बघणाऱ्याला वाटावं, बिचारी बहिणीसाठी कळवळली! आत मात्र तिच्या मनात ढोल वाजत होते.

"हात लावू नका!" साहेब ओरडले.

जावई जागीच थिजला.

"पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. साहेब उठून उभे राहिले. "पुन्हा!" तिसऱ्यांदा खप् झालं तेव्हा त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "अहो, हे माझं कुलूप आहे! ऐकलंत का? सूर असा बंद होतो जसा माझ्या कुलपाचा दांडा बसतो! सगळीकडे जाऊन आलो, सगळे मला गोड गोड ऐकवतात. कुलूप कुठे कुणी ऐकवलं नाही! हाच आवाज! ठरलं!"

थोरलीच्या मनातले ढोल फुटले.

आता पुढची गंमत बघा. पाच मिनिटांपूर्वी रडकुंडीला आलेल्या धाकटीने डोळे टिपले, अंबाडा सारखा केला आणि म्हणाली, "मी शेवटचा सूर मुद्दाम तसा आवरता घेतला. म्हटलं, कुलपाची जाहिरात आहे."

मुद्दाम! थोरलीच्या कानशिलाजवळची शीर उडायला लागली.

"आणि तुम्ही हो!" साहेब जावयाकडे वळले. "हा काय प्रकार केलात?"

जावयाला प्रकार काय झाला हे अजून कळलं नव्हतं. पण धंदेवाला माणूस! त्याने घाम पुसला आणि म्हणाला, "थोडा प्रयोग करून बघितला, साहेब. नवीन पद्धत आहे."

"मीच ह्यांना म्हटलं होतं," मुलगी चहाच्या कपांआडून म्हणाली. "काहीतरी वेगळं करा म्हणून."

बघा! कष्ट हिचे, गुडघे हिचे, शाल फाटली ती हिची, आणि श्रेयाची वाटणी चालली आहे तिघांत! आयुष्यभर थोरलीने पडदा ओढला आणि टाळ्या दुसरीला पडल्या. पण तेव्हा निदान पडदाच ओढला होता. आज तर गाणंच हिने केलं होतं! गप्प बसलं तर पाप झाकलं जात होतं, हे तिला कळत होतं. पण मत्सर हा असा पाहुणा आहे की तो पापालाही घरात लपून राहू देत नाही.

"खोटं!" थोरली गरजली. बाहेरच्या रस्त्यावर कुठेतरी एखादी टॅक्सी थांबली असेल. "प्रयोग मी केलाय! वायरी मी उपटल्या!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मग मुलगी हसली. जावईही हसला. धाकटी तर पदर खोचावा तसे ओठ दाबून हसली.

"आई, काहीही काय! तुला रेडिओचं स्टेशन लावता येत नाही!"

"असं? मग ऐक! टेपकडची वायर दारवानातून काढली आणि शिंप्यात घातली. शिंप्याच्या पुढे मास्तर, मास्तराच्या पुढे घुमट, ते होते तसेच. स्पीकरची वायर घुमटातून काढून दारवानात घातली. आणि घुमट आणून दारवानाला बांधला! काय जावईबापू, चुकलं काही?"

जावई मांडणीच्या मागे गेला. बराच वेळ त्याच्या नुसत्या पायांचे तळवे दिसत होते. बाहेर आला तेव्हा त्याच्या चिमटीत शालीच्या झालरीचा धागा होता.

"आई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच आदर होता, "अगदी बरोबर आहे."

थोरलीने विजयाने मान वर केली. साहेबांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि मग धाकटीकडे पाहिलं. धाकटीचा चेहरा हळूहळू बदलत होता.

"ताई," धाकटी म्हणाली, "पण तू मांडणीमागे गेलीस कशाला?"

हा प्रश्न काही थोरलीच्या डोक्यात आला नव्हता.

"अगं... सहज. रुमाल शोधायला."

"रुमाल शोधताना दारवान मागे गेला?"

"मावशी," जावई भोळेपणाने म्हणाला, "मीच आईंना सांगितलं होतं की तसं केलं तर तुमच्या गाण्याची वाट लागेल म्हणून."

झालं! काही माणसांना खरं बोलायची वेळ कधी कळत नाही.

"म्हणजे माझी वाट लावायला!" धाकटी उठली. "माझा सूर कापायला! या वयात, ताई?"

"मग? लहानपणी कापायला वायरी नव्हत्या!"

"माझ्या गाण्यावर जळतेस!"

"जळते! माझ्या लग्नात तुला गा म्हणून कुणी सांगितलं होतं?"

"तूच सांगितलं होतंस!"

थोरलीला आठवलं, की हो, खरंच आपणच सांगितलं होतं. त्याने ती आणखी चिडली.

"बायांनो!" कुलूपवाले साहेब मध्ये पडले. "मला तुमच्या घरचं काही कळत नाही. मला ते दार लागणं हवं आहे. आता असं करा. तुम्ही दोघीही आत जा आणि या नव्या वायरीतून एकेकीने गाऊन दाखवा. जिचं दार नीट लागेल तिची जाहिरात."

म्हणजे अजून आशा होती! थोरली विजेसारखी आत धावली. धाकटीही धावली. रजयांच्या त्या खोलीत दोघी एकाच वेळी मायक्रोफोनला भिडल्या. थोरलीने कानांवर लावायचं यंत्र पटकावलं. धाकटीने मायक्रोफोनची दांडी धरली. बाहेर जावयाने टेपच्या जागी मायक्रोफोनची वायर जोडली, दिवा लागला.

"मी आधी! मी थोरली!"

"माझी निवड झाली होती! सोड!"

थोरलीच्या कानांत ते भांडण असं येत होतं की तिने तसं भांडण जन्मात ऐकलं नव्हतं. घुमटातून घुमून आलेलं 'सोड!' आणि खप्! 'नाही सोडत!' खप्! 'लबाड!' खप्! 'लाडोबा!' खप्! जणू दोन महाराण्या दोन महालांतून एकमेकींना शिव्या देत होत्या आणि मधे कुणीतरी दारं आपटत होतं. थोरलीला तशाही अवस्थेत वाटून गेलं, की शिव्या आपल्याच जास्त छान वाटताहेत!

साहेब दारात येऊन उभे राहिले. गाताना नजरेसमोर असावं म्हणून त्यांनी हातातल्या पेटीतून एक नमुन्याचं कुलूप काढलं होतं. पण दोघींपैकी कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघेना. "अहो बाई! ओ ताई!" शेवटी त्या सभ्य माणसाचाही संयम सुटला. त्यांनी मायक्रोफोनजवळच्या टेबलावर ते कुलूप ठेवलं आणि तळहाताने त्याचा दांडा दाबून बसवला.

"पुरे!"

पण 'पुरे' कुणाला ऐकूच आलं नाही. आधी आलं ते कुलूप. थोरलीच्या कानांत एवढा मोठा खटका झाला, जसं काही जगातलं सगळ्यात मोठं लोखंडी दार कुणी एका हाताने लावलं. एक दणदणीत घुमारा, आणि त्यावर लगेच, स्वच्छ, पूर्ण शांतता. त्यात एकही धागा लोंबत नव्हता.

दोघी बहिणी गप्प झाल्या. बाहेर स्पीकरसमोर जावई उभा होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. मुलगीही उभी राहिली होती.

साहेबांनी कुलपाकडे पाहिलं. मग मायक्रोफोनकडे पाहिलं. किल्ली फिरवून कुलूप उघडलं. पुन्हा दाबलं.

खट्!

"हे टेप करा," ते हळूच म्हणाले.

"आणि गाणं?" थोरलीने विचारलं.

"कसलं गाणं?" साहेब म्हणाले, आणि त्यांनी कुलपावरून असा हात फिरवला जसा बाप गुणी मुलाच्या डोक्यावरून फिरवतो. "याला गाण्याची काय गरज आहे?"

संध्याकाळी दोघी बहिणी व्हरांड्यात बसल्या होत्या. चहा समोर निवून गेला होता. आत जावई दार लावून तेच ते खट् टेप करत होता. साहेबांनी एक-एक कुलूप दोघींना भेट दिलं होतं आणि त्या दोघी त्याकडे बघतही नव्हत्या.

"लोखंडाचा तुकडा!" धाकटी म्हणाली.

"ना सूर, ना ताल," थोरली म्हणाली.

"श्वास घ्यावा लागत नाही मेल्याला."

"घसा बसत नाही."

"आणि कसं कौतुक! कसा हात फिरवत होते बघितलंस ना?"

"बघितलं तर! आपल्यावर कुणी फिरवला होता?"

कित्येक वर्षांत दोघींचं एवढं एकमत झालं नव्हतं. त्या एका कुलपावर दोघी मिळून इतक्या जळल्या की एकमेकींवर जळायला काही शिल्लकच राहिलं नाही. निदान त्या संध्याकाळपुरतं.

जाहिरात रेडिओवर लागली. बातम्यांच्या आधी ते खट् व्हायचं आणि घराघरांत माणसं एकदम दाराकडे बघायची. मुलं रस्त्यात एकमेकांच्या तोंडावर हात ठेवून खट् म्हणायची. जावयाकडे त्या आवाजासाठी लांबलांबून लोक यायला लागले. कुणी ढोलाला लावून मागितलं, कुणी टाळीला. जावई प्रामाणिक. विचारणाऱ्याला सांगायचा, "ही युक्ती आमच्या सासूबाईंची."

एका दुपारी दोघी बहिणी चष्म्याच्या दुकानात बसल्या होत्या. थोरलीच्या चष्म्याची काडी बदलायची होती. दुकानातल्या रेडिओवर खट् झालं. बाकावरची दोन माणसं दचकली आणि हसली. दुकानदार स्क्रूड्रायव्हर हातात धरून म्हणाला, "काय आवाज आहे! कुणी केला असेल हो?"

धाकटीने एकदम गळ्याभोवती रुमाल नीट केला आणि छताकडे बघायला लागली. थोरली सांगणारच होती, पण आधी तिने बहिणीकडे पाहिलं. धाकटीचे ओठ आवळलेले, गाल तांबडे, आणि नाकाचा शेंडा असा वर गेलेला, जसा शाळेच्या संमेलनात पडदा ओढून झाल्यावर थोरलीचा जायचा.

दुकानातून बाहेर पडल्यावर बरंच अंतर धाकटी भराभरा पुढे चालली. मग रस्ता ओलांडताना, गाड्यांच्या गोंगाटात, तिने ते बोलून टाकलं.

"एवढं काही अवघड नव्हतं ते, ताई. त्या वायरी मलाही उपटता आल्या असत्या!"

थोरली भर रस्त्यात थांबली. मागून गाड्यांचे भोंगे वाजले, एक ड्रायव्हर डोकं बाहेर काढून काहीबाही ओरडला. पण थोरलीने डोळे मिटून घेतले होते.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.